फाळक्यावरचा पोचा

आमच्या गावात गॅरेजमध्ये गाडी ठेवणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानं बघतात. गॅरेज हे गाडीसाठी नसतंच. त्यात कुणाची अर्धवट होडी असते, कुणाचा आजोबांच्या वेळचा ट्रॅक्टर असतो, आणि रोजची चालती गाडी बाहेर उघड्यावर गारा खात उभी असते. माझीही तशीच उभी असायची. नेब्रास्कातल्या गारा लहान नसतात. माझ्या गाडीच्या टपाला देवी येऊन गेल्यासारखे वण पडले होते. आणि आत, छपराखाली, कोरड्यात, जुन्या चादरीखाली माझ्या सासऱ्यांचा पिकअप आरामात झोपलेला असायचा. तो कित्येक वर्षं एक फूटसुद्धा पुढं सरकला नव्हता.

मी डेल्बर्ट रोडे. गावच्या सहकारी धान्यकोठारात वजनकाट्यावर बसतो. सुगीत मक्यानं भरलेले ट्रक एकामागून एक काट्यावर येतात, मी खिडकीतून भोंग्यावर विचारतो, "ड्रायव्हर आत की बाहेर?", भरल्याचं वजन टिपतो, रिकामा होऊन आला की पुन्हा टिपतो, आणि पुढच्याला हात करतो. आयुष्यभर लोकांच्या गाड्या जोखल्या, त्यामुळे मला गाड्यांतलं कळतं असा माझा एक समज झाला होता. सोनाराच्या तराजूला सोन्यातलं जेवढं कळतं, तेवढंच मला गाड्यांतलं कळत होतं. हे मला कुणी सांगितलं नाही असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. कोठाराच्या ऑफिसात रोज सकाळी कॉफी प्यायला म्हातारे शेतकरी जमतात, ते सगळे सांगत होते. मीच ऐकलं नाही.

माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यामुळे मला लहानपणापासून रंगात ब्रश कसा बुडवावा हे येत होतं आणि बाकी काहीही येत नव्हतं. पुढं मी प्रेमात पडलो तो शेतकऱ्याच्या मुलीच्या. अर्लिसला मागणी घालायला तिच्या घरी गेलो तेव्हा तिचे वडील, एर्विन नेमेचेक, गोठ्यात होते. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं.

"दूध काढता येतं?"

"नाही."

"डुक्कर धरता येतं?"

"नाही."

"मग काय येतं?"

"वजन करता येतं," मी म्हणालो.

"हं," एर्विन म्हणाले आणि पुन्हा गाईकडे वळले. एर्विनच्या तोंडून "हं" निघालं म्हणजे भाषण झालं असं त्या घरात धरतात. त्या "हं"वर आमचं लग्न झालं. तेव्हापासून ते मला "जावईबापू" म्हणतात, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला अजून जोखता आलेलं नाही.

पिकअपची गोष्ट सुरू झाली एका ईस्टरला. तो पिकअप, जुनी हिरवी शेवरले, कधीच निवृत्त होऊन घरामागच्या झाडांच्या ओळीत उभा होता. आमच्याकडे शेतावरची गाडी कुणी विकत नाही. ती थकली की तिला झाडाकडे तोंड करून उभी करतात, आणि ती तिथं हळूहळू जमिनीत जाते. माझ्या सासूबाई, ब्लांच, त्याच्या हौद्यात शेगडीची लाकडं ठेवायच्या. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर लाकडं आणायला गेलो. मागचा फाळका मी ओढला, हलवला, दोन्ही हातांनी झोंबलो. तो ढिम्म.

"सरक," ब्लांच म्हणाल्या. त्यांनी स्कर्ट जरा वर धरला आणि फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यावर बुटाची एक लाथ घातली. फाळका धाडकन उघडला. "याला हात लावून उपयोग नाही. लाथेचीच भाषा कळते. अगदी आमच्या ह्यांच्यासारखं."

त्या फाळक्याच्या मधोमध एक मोठा पोचा होता, तान्हं बाळ निजवता येईल एवढा. मी जेवताना सहज विचारलं, हा कसा पडला? अर्लिसनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"सांगते," ब्लांच म्हणाल्या. "मी गाडी मागं घेत होते. अर्लिसच्या वेळचे दिवस होते मला, मान वळत नव्हती. हे पवनचक्कीपाशी उभे राहून हात हलवत होते. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. आले की मग मी! सरळ चक्कीच्या खांबावर."

"थांब म्हटलं होतं," एर्विन ताटातून मान न उचलता म्हणाले.

"कधी म्हटलं होतं?"

"तेव्हाच. तुला ऐकू आलं नसेल."

"मला? तुम्ही मनातल्या मनात शिव्या देता, त्यासुद्धा मला ऐकू येतात. थांब म्हटलेलं बरं ऐकू आलं नसतं!"

"म्हटलं होतं."

"नव्हतं म्हटलं."

अर्लिस मला म्हणाली, "झालं समाधान? आता हे जेवण संपेपर्यंत चालणार." आणि चाललंच. अर्लिस जन्मायच्या आधीपासून हे भांडण चालू होतं आणि साऱ्या गावाला पाठ होतं. गावात कुणीही ट्रक मागं घ्यायला लागला की कुणीतरी हमखास ओरडायचं, "एर्विन, थांब म्हणालास का रे?" एर्विन समोर असले तर तेवढंच म्हणायचे, "म्हटलं होतं."

भाजलेलं डुक्कर आणि डंपलिंग पोटात गेल्यावर माणसाला आपल्या अंगात भलतंच बळ आल्यासारखं वाटतं. मी काटा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "बाबा, तुमचा पिकअप मी करतो नवा. माझ्या घरी, माझ्या हातानं."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. अर्लिसनं डोळे मिटून घेतले. ब्लांचनी मात्र टाळी वाजवली. "मग मला त्यातून जत्रेला ने हो. पुढच्या सीटवर बसून."

"नेणार म्हणजे नेणार," मी म्हणालो.

एर्विननी माझ्याकडे बघितलं. "हं," ते म्हणाले.

खोलायचं काम मला छान जमलं. मी त्या गाडीचा असा एकही भाग ठेवला नाही जो दुसऱ्या भागाला चिकटलेला असेल. बोल्ट, वायसर, स्प्रिंगा, सगळं काढून मी जॅमच्या बरण्यांत भरून ठेवलं. कुठल्या बरणीत काय ते माझ्या लक्षात राहील अशी माझी खात्री होती. ती पहिल्या पंधरवड्यात संपली. पुढं अर्लिसला जॅम करायचा होता तेव्हा तिनं रिकाम्या बरण्या शोधत दोन बरण्यांतला माल तिसरीत ओतला, आणि त्या दिवसापासून आमच्या पिकअपचा क्लच आणि वायपर एकाच कुटुंबातले झाले.

कॉफीच्या वेळी ल्युमिर रोज चौकशी करायचा. ल्युमिर म्हणजे एर्विनचा शाळासोबती. याच्या शेतात आता त्याचा मुलगा राबतो आणि हा आमच्या ऑफिसातल्या खुर्चीत राबतो.

"काय रे डेल, कुठवर आलं?"

"क्लच झाला."

"मागल्या वर्षीही झाला होता."

"परत झाला."

"वा. असाच होत राहिला तर सवय होईल त्याला."

माझ्या जोडीला काट्यावर गेलन नावाचा माणूस आहे. तो त्यावर म्हणायचा, "अरे, तो पिकअप काट्यावर आला की मी वजन नाही करणार, वाढदिवस करणार." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि घरी जाऊन चादर उचलून बघायचो. एकदा इंजिन तिथंच सुरू करून बघितलं. ते सुरू झालं, मोठ्यानं खोकलं, आणि शेजारच्या बाईंच्या वाळत घातलेल्या सगळ्या पांढऱ्या चादरी राखाडी करून बंद पडलं. ब्रेक दाबला की वायपर हलायचा. हे असं का, याचा मी बरेच महिने विचार केला आणि मग विचार करायचं सोडून दिलं.

दरवर्षी उन्हाळ्यात ब्लांच फोन करायच्या. "जत्रा आली हो डेल. मी कुठला झगा घालू?"

"पुढच्या वर्षी, आई. नक्की."

"पुढच्या वर्षी झगा जुना होईल."

"नवा घेऊ."

एका हिवाळ्यात ब्लांच गेल्या. न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात आटोपलं. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे हॅमची सँडविच खात उभे होते तेव्हा कुणीतरी एर्विनना, बोलायचं म्हणून, पिकअपचं विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावई करतोय." बस्, एवढंच. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी घरी येऊन गॅरेजमध्ये गेलो आणि पुढची सीट बघितली. तिच्यात उंदरांनी घर केलं होतं. मला फार रडू आलं. अर्लिसनं ते बघितलं आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर एर्विन त्या घरात एकटे राहिले. फोन केला तर उचलायचे, पण बोलायचे नाहीत. अर्लिस म्हणायची, घरात गेलं की घड्याळाचा आवाज ऐकू येतो. तो पूर्वी कधी आला नव्हता. गुडघे गेले, मग तब्येत गेली, आणि शेवटी त्यांनीच ठरवलं की सुगी संपली की गावातल्या वृद्धाश्रमात राहायला जायचं. जमीन शेजारी कसतच होता. अवजारं लिलावात गेली. अर्लिसनं विचारलं, बाबा, तुम्हाला काही हवंय का? तेव्हा ते म्हणाले, "घरामागच्या तुकड्यातला शेवटचा मका मी नेऊन घालतो कोठारात. माझ्या पिकअपमधून."

अर्लिसनं स्वयंपाकघरात मला हे सांगितलं. मग म्हणाली, "डेल, आईला नेलं नाहीस. हे जर केलं नाहीस ना, तर त्या बरण्या मी तुझ्या डोक्यात एकेक करून फोडीन."

त्या उन्हाळ्यात ल्युमिर आणि गेलन रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले. इंजिन त्यांनी बसवलं, क्लच त्यांनी बसवला, वायरी त्यांनी ओढल्या. मी दिवा धरला. तोही ल्युमिरच्या डोळ्यांवर धरतो म्हणून काढून घेतला आणि मला कॉफी करायला पाठवलं. घरचं काम, माझ्या हातानं, असं मी म्हणालो होतो. कॉफी माझ्या हातची होती, इतकं खरं.

पण पत्रा आणि रंग मी कुणाला दिला नाही. आडात होतं ते एवढंच. मी गंज खरवडला, पोचे ठोकले, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. तीन बाजू झाल्यावर फाळक्यापाशी आलो. तो पोचा मला माहीत होता, त्याची गोष्ट मला पाठ होती. तरीही मी काय विचार केला, तर हा पोचा म्हणजे एर्विनवरचा आयुष्यभराचा आरोप. तो आपण पुसून टाकू. म्हाताऱ्याला निर्दोष करून वृद्धाश्रमात पाठवू. इतका मूर्ख विचार एका माणसाच्या डोक्यात मावतो याचं मला आता नवल वाटतं. मी तो पोचा आतून ठोकून वर आणला, त्याच्यावर चार हात पुट्टी चढवली आणि असा घासला की तळहात फिरवला तर कळू नये. सगळ्या पिकअपमध्ये फाळक्याएवढं गुळगुळीत काही झालं नाही. वरून मी गडद हिरवा रंग दिला आणि त्यावर पिवळसर पट्टा.

अर्लिसला मी बघू दिलं नाही. म्हटलं, दोघांना एकदमच दाखवू.

शेजाऱ्यानं निरोप पाठवला, घरामागचा तुकडा आज कापतोय. मी रजा घेतली आणि पिकअप घेऊन निघालो. रस्त्यात जो भेटला त्यानं स्टिअरिंगवरून बोट उचलून सलाम केला. मीही बोट उचललं. दुसऱ्या हातानं मी गिअरची दांडी घट्ट धरून ठेवली होती, कारण तिसरा गिअर सुटायचा. पण उन्हात काय चमकत होता तो! मला वाटलं, डेल्बर्ट, आज तू माणसांत आलास.

एर्विन व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. अर्लिस आधीच आली होती. ते काठी टेकत पायऱ्या उतरले आणि पिकअपभोवती सावकाश एक फेरी मारली. मडगार्ड बघितलं. दार उघडून सीट बघितली, ती मी नवी शिवून घेतली होती. मग ते मागं गेले. फाळक्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि फिरवायला लागले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं चाललं होतं. मी अभिमानानं उभा होतो. मला वाटलं, कामाची सफाई बघताहेत.

"कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचा, बाबा."

"माझा नाही." त्यांनी हात काढून घेतला. "सुंदर आहे, जावईबापू. फार सुंदर केलास. याच्यात मका नको भरायला. ओरखडे पडतील. नेऊन ठेव."

आणि ते पायऱ्या चढायला लागले.

मी अर्लिसकडे बघितलं. तिनं फाळक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पोचा कुठाय?"

"काढला," मी म्हणालो. "त्यांच्यावरचा आळ..."

"आईचं या अंगणात एवढंच उरलं होतं, डेल. बाकी सगळं लिलावात गेलं. तेवढं एक तू घासून गुळगुळीत केलंस."

शेताकडून हार्वेस्टरचा आवाज येत होता. शेजारी मका काढत होता आणि आम्हाला तो न्यायचा नव्हता. मी पिकअपमध्ये बसलो. निदान डोळ्यांसमोरून तरी हा घेऊन जावा म्हटलं. अंगण अरुंद, गाडी मागं घेतल्याशिवाय वळणार नव्हती. रिव्हर्स कुठं आहे हे मला दोनदा चाचपावं लागलं. आरसा मी नवा बसवला होता, इतका चकचकीत की त्यात नुसता सूर्य दिसत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "थांब जरा. मी सांगतो."

एर्विन परत आले होते. त्यांनी टोपी घातली होती, आणि ते पवनचक्कीच्या खांबापाशी उभे राहून हात हलवायला लागले होते.

"घे मागं. येऊ दे."

मी क्लच सोडला.

"येऊ दे. येऊ दे. चाकं सरळ कर. हां. येऊ दे."

मी त्यांचा हात बघत होतो. हात येच म्हणत होता. माणूस आयुष्यात एकदा तरी सासऱ्याचं ऐकायचं ठरवतो, ते मी नेमकं तेव्हा ठरवलं.

"येऊ दे, येऊ दे..."

धाड. माझं डोकं मागच्या काचेवर आपटलं. वर चक्कीची पाती किर्र करून अर्धी फिरली. मी उडी मारून खाली उतरलो. फाळक्याच्या मधोमध, माझ्या चार हात पुट्टीच्या आणि गडद हिरव्या रंगाच्या मधोमध, खांब घुसला होता. पुट्टीचे ढलपे मातीत पडले होते. एर्विनचा हात अजून हवेत होता.

"तुम्ही थांब म्हणाला नाहीत!" मी ओरडलो.

"म्हटलं होतं," एर्विन म्हणाले. "तुला ऐकू आलं नसेल."

अर्लिस व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसली. आधी ती हसायला लागली, पोट धरून, आणि मग हसता हसताच तिनं तोंड ओंजळीत लपवलं. एर्विन वाकले. त्यांनी पोच्यावर हात फिरवला, बोटांनी कडा चाचपल्या, टोपी मागं सरकवली आणि पुट्टीचा एक तुकडा काढून फेकून दिला.

"थोडा डावीकडे हवा होता," ते म्हणाले. "पण चालेल. शेजाऱ्याला हाक मार. मका भरायचाय."

मी त्या पिकअपवर वर्षानुवर्षं जे काम केलं, त्यातलं हे एकच त्यांच्या पसंतीला उतरलं.

गाडी एर्विननी चालवली. गुडघा वाकत नव्हता, तरी क्लच त्यांनी असा दाबला की तिसरा गिअर एकदाही सुटला नाही. मी शेजारच्या सीटवर बसलो होतो, मांडीवर त्यांची काठी. अर्लिस मागून आमच्या वण पडलेल्या गाडीतून येत होती. मला एकदा वाटून गेलं की मी बसलोय ती जागा माझी नाही. एर्विनना काय वाटत होतं ते कळलं नाही. ते समोर बघत होते, आणि समोरून गाडी आली की एक बोट उचलत होते.

कोठारापाशी सुगीची रांग लागली होती. मोठमोठ्या ट्रकांच्या मधे आमचा हिरवा पिकअप काट्यावर चढला तेव्हा कॉफीवाले सगळे कप घेऊन बाहेर आले. गेलननं भोंग्यावर विचारलं, "ड्रायव्हर आत की बाहेर?"

एर्विन प्रत्येक वेळी काट्यावरून खाली उतरून उभे राहायचे. आपलं वजन मक्याच्या भावानं विकायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आज ते उतरले नाहीत.

"आत," ते म्हणाले. "रिकामी करून येईन तेव्हाही आतच असेन. आज मी उतरत नाही."

"ठीक आहे, एर्विन," भोंगा म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो भोंगा मी कधी ऐकला नव्हता.

वजन झाल्यावर पिकअप मागं घेऊन मका ओतायच्या खड्ड्याच्या जाळीपर्यंत न्यायचा असतो. मी खाली उतरलो. एर्विननी आरशातून मला बघितलं. आता हात हलवणारा मी होतो.

"येऊ द्या, बाबा. येऊ द्या. येऊ द्या..." मागं भिंत, शेजारी सगळं गाव. "बस! बस, थांबा!"

पिकअप थांबला. भिंत आणि फाळका यांच्यामधे बरोबर माझ्यापुरती जागा उरली होती. आयुष्यात एकदा तरी मी काही अचूक जोखलं.

ल्युमिर कप घेऊन मागं आला. त्यानं नवा रंग बघितला, मग पोचा बघितला, आणि पुन्हा बघितला. "अरे, हा तर जुन्या जागी! कुणी केला?"

"जावयानं," एर्विन खिडकीतून म्हणाले.

"मार्ग कोण दाखवत होतं?"

"मी."

आता काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं. ल्युमिरनं कप उंच धरला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "एर्विन, थांब म्हणालास का रे?"

एर्विननी टोपी काढली आणि स्टिअरिंगवर ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "आजही नाही म्हणालो, आणि तेव्हाही नव्हतो म्हणालो. तिच्या झग्यावर ऊन पडलं होतं, मी तेच बघत राहिलो. ब्लांच खरं बोलत होती."

कुणी हसलं नाही. अर्लिस तिच्या गाडीच्या दारात उभी होती, ती तिथंच थांबली. ल्युमिरनं कप खाली घेतला.

"मग जन्मभर भांडलास कशाला, गाढवा? एकदा कबूल करायचं होतंस."

"कबूल केलं असतं तर तिचं बोलणं संपलं असतं," एर्विन म्हणाले. "मला कुठं बोलता येतं? घरात बोलायची ती. मी आपलं 'म्हटलं होतं' म्हणायचो, की ती पुढं तासभर बोलायची."

मागचे ट्रक हॉर्न न वाजवता उभे होते. मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी फावडं उचललं आणि फाळका उघडायला गेलो. तो उघडेना. पोच्यामुळं कडी अडकली होती. मी ओढला, हलवला, फावड्याची कड घालून बघितलं. फाळका ढिम्म. कॉफीवाल्यांत खसखस पिकायला लागली.

"जावईबापू," एर्विन आरशातून म्हणाले, "डाव्या कोपऱ्यावर लाथ घाल. ती घालायची तशी."

मी लाथ घातली. फाळका धाडकन उघडला आणि सगळा मका माझ्या बुटांवर आला.